एका कॉम्प्युटरात दोन ग्राफिक्स

३ मार्च, सोमवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. जानेवारीतली बंद पडली ती माझ्यामुळे नाही. पेन चांगलं नव्हतं.

विषय गंभीर आहे. घरच्या कॉम्प्युटरमध्ये एक फुकटखाऊ सापडला. लेक अंघोळीला गेली होती म्हणून सेटिंगमधून जरा चक्कर मारली, तर चित्र दाखवणाऱ्यांच्या यादीत दोन नावं! एक, मी ऑगस्टमध्ये लेकीच्या वाढदिवसाला आणलेलं ग्राफिक्स कार्ड. वेगळं, वजनदार, दोन पंख्यांचं. दुसरं, चिपमध्येच जन्मापासून बसलेलं साधं इंटिग्रेटेड ग्राफिक्स. मला वाटलं होतं, कार्ड आल्यावर ते मुकाट्याने घरी गेलं असेल. कसलं काय! आयत्या बिळावर नागोबा.

मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. एका कामाला दोन माणसं मला खपत नाहीत. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तिथे एका डब्यात दोन ग्राफिक्स कशी राहतील?

निश्चय: बुधवारी इंटिग्रेटेड डिसेबल करणे.

३ मार्च, संध्याकाळी.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, रविवारपर्यंत कशालाच हात लावू नका.

रविवारी दुपारी तिला फिल्म पाठवायची आहे. अ‍ॅनिमेशनच्या कॉलेजात ती फिल्म बघूनच प्रवेश देतात. दोन मिनिटांची आहे. उंचीला घाबरणारं एक कबूतर असतं, ते गच्चीवरून जिना उतरून खाली जात असतं. गोष्ट मला पटलेली नाही. कबूतर जिना का उतरेल? पण मी आडवा आलो नाही.

अडचण अशी की कॉम्प्युटर तिच्या कामाला रडतो. एक छोटा तुकडा तयार व्हायला रात्र जाते, कधी मध्येच अडकतो. ती म्हणते मशीन हळू आहे. मी म्हणतो, मशीन नाही, कबूतर जड आहे. एवढी पिसं कशाला? डिसेंबरात मीच सांगितलं, पिसं काढ. ऐकेना. शेवटी काढली. कबूतर अगदी गुळगुळीत झालं. आम्लेटच्या आधीची अवस्था म्हणा. त्या दिवशी ती जेवली नाही, पण काम पुढे सरकलं की नाही?

आणि मशीन हळू कसं असेल? कार्ड बसवल्यापासून मला स्वतःला फरक डोळ्यांना दिसतो. कॉम्प्युटरवर पत्ते खेळताना पान कसं सरसर पडतं!

४ मार्च, मंगळवार. जेवणाच्या सुट्टीत.

स्टोअरमध्ये सगळ्यांना योजना समजावली. अकाउंटंट म्हणाला, ते ग्राफिक्स काही करत नाही ना, मग बसू दे की बिचारं. याच वृत्तीमुळे जग मागे राहिलं, असं मी त्याला सुनावलं. तो डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. सत्य पचायला जड जातं.

मेव्हण्याला विचारायची गरज नाही. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ही सकाळपासून दोनदा म्हणाली, दादाला एकदा विचारा. हिचा दादा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. करू दे. पण घरात काही अडलं की लेक आधी मामाला फोन लावते, हे मला खुपतं. बाप काय मेला आहे? कार्ड मी आणलं. बसवलंही मीच, पुस्तक न वाचता. एकदा तरी तिने म्हणावं, बाबांनी केलं. एवढंच.

४ मार्च, रात्री जेवणाआधी.

मागची बाजू तपासली. सगळं चोख. कुठलीही वस्तू काढताना आधी चिठ्ठी चिकटवायची, आणि जिथली वस्तू तिथेच परत, हा माझा स्टोअरमधला नियम. कार्ड बसवतानाही पाळला. प्रत्येक वायरवर चिठ्ठी, प्रत्येक भोकावर चिठ्ठी. 'स्क्रीन' ते 'स्क्रीन'. कार्ड आत बसवलं आणि एकूणएक वायर आपापल्या मूळ जागी परत. कार्डाच्या भोकांवरची काळी रबरी टोपणंसुद्धा अजून जशीच्या तशी आहेत. कंपनीने लावलीत ती काही उगाच नाही.

५ मार्च, बुधवार. सकाळी.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. लेक क्लासला, ही बँकेत. रान मोकळं.

मशीन सुरू होतानाच डिलीट दाबून धरलं, मूळ सेटिंगची निळी पानं उघडली. शोधलं. सापडलं. इंटिग्रेटेड ग्राफिक्स: चालू. बंद केलं. खात्री आहे का, असं मशीनने विचारलं. मला विचारतं!

एन्टर.

स्क्रीन काळी झाली. पंखे फिरताहेत. म्हणजे कार्ड सूत्रं हातात घेत आहे. नवा माणूस खुर्चीत बसताना थोडा वेळ घेतोच.

५ मार्च, जरा वेळाने.

अजून घेतोय.

५ मार्च, दुपारी.

बंद करून चालू केलं. काळी. डिलीट दाबलं. काळी. म्हणजे निळी पानंही दिसत नाहीत, आणि निळी पानं दिसल्याशिवाय चालू करता येत नाही. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. रचना करणाऱ्याचं नियोजन कच्चं आहे. कंपनीला कळवायला हवं.

५ मार्च, संध्याकाळी.

लेक आली. कॉम्प्युटर का बंद आहे, विचारलं. मी म्हटलं, त्याला विश्रांती दिली आहे, शेवटच्या धावेआधी घोड्यालाही देतात. तिने बटण दाबलं. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, बाबा, हात लावलात?

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तिला मामाला बोलवायचं होतं. मी ठाम सांगितलं, मी बिघडवलं, मीच दुरुस्त करणार. यावर ही म्हणाली, पहिला अर्धा भाग तर झालाच आहे.

६ मार्च, गुरुवार.

आजारपणाची रजा. खोटी नाही, घरात कॉम्प्युटर आजारी आहे.

योजना: आंधळेपणाने सेटिंग बदलणे. तसंच मशीन दाखवणारा व्हिडिओ मोबाइलवर लावला. त्यात माणूस जी बटणं दाबतो ती त्याच क्रमाने मी काळ्या स्क्रीनवर दाबायची. खाली, खाली, उजवीकडे, एन्टर. मध्येच व्हिडिओत जाहिरात आली आणि माझं एक 'खाली' जास्त झालं. आता मी कुठे आहे ते मलाच ठाऊक नाही. दाबत राहिलो. मशीन एकदा बारीक आवाजात ओरडलं. शुभचिन्ह असावं.

दुपारी नवा विचार: दोष स्क्रीनचा. शेजाऱ्यांचा टीव्ही मागून आणला. त्यांची मालिका बुडाली, पण शेजारधर्म म्हणून काही असतं. त्याची वायर चिठ्ठी बघून 'स्क्रीन'च्या भोकात लावली. टीव्हीही काळा! परत करताना शेजाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, तुमचा टीव्ही बिघडलेला आहे, दाखवून घ्या. त्यांनी तो माझ्या देखत लावला, लख्ख चालला. माणसं अशा वेळी आभार मानत नाहीत, दार लावून घेतात.

७ मार्च, शुक्रवार.

आज मुळापासून. सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, आणि एकेक करून चिठ्ठीप्रमाणे परत लावल्या. नवी वायरही आणली. एकही चूक नाही, स्टोअरच्या तपासणीलाही मी एवढा जपून नसतो. तरी काळी.

निष्कर्ष: कार्डच नाजूक निघालं. एकट्यावर भार पडताच बसकण मारली. वरून पहिलवान, आतून पोकळ. दुकानदाराला गाठणार.

७ मार्च, संध्याकाळी.

लेक माझ्याशी बोलत नाही. वहीत कबुतराची चित्रं काढत बसली होती. कबुतराला पिसं रेखाटली होती, एकेक करून, सगळी. फिल्मच्या शेवटी ते उडतं म्हणे. तेवढाच तुकडा राहिला आहे. मी म्हटलं, अगं, शेवट नसला तरी चालेल, लोकांना कळतं. ती रडायला लागली. आवाज न करता रडते पोर, लहानपणी भोकाड पसरायची ते बरं होतं.

पाणी आणून दिलं. प्यायली नाही.

वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय. पण मेव्हण्याला बोलवायचं म्हणजे... नाही. सकाळी सुचेल काहीतरी.

८ मार्च, शनिवार. सकाळी.

सुचलं नाही. ही न विचारता फोन करून मोकळी झाली. मेव्हणा निघाला आहे. त्याच वेळी भाजी आणायला बाहेर पडायचं ठरवलं होतं, पण नेमकी घरात भाजी भरपूर निघाली.

८ मार्च, दुपारी.

घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

मेव्हणा आला. चपला काढल्या, चहा नको म्हणाला, कॉम्प्युटरच्या मागे वाकला. माझ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. मग 'स्क्रीन'ची वायर 'स्क्रीन'च्या भोकातून उपटली, कार्डाचं काळं रबरी टोपण काढलं आणि वायर तिथे खुपसली.

स्क्रीन लागली.

म्हणजे असं आहे की ते मूळ भोक त्या फुकटखाऊ ग्राफिक्सचं होतं. त्याला मी बंद केलं, म्हणून काळोख. कार्डाची भोकं वेगळी. वायर तिथे लावायची असते.

मेव्हण्याने विचारलं, भाऊजी, कार्ड कधी बसवलंत? मी म्हटलं, ऑगस्टमध्ये. तो म्हणाला, आणि तेव्हापासून वायर इकडेच? मी म्हटलं, जिथली वस्तू तिथेच. तो हसला नाही. हसला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

लेकीने राहिलेला तुकडा तयार करायला लावला. रात्रभर चालायचं काम, हिने मेव्हण्यासाठी केलेला चहा निवायच्या आत संपलं. लेकीने घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. बाबा, ऑगस्टपासून? एवढंच म्हणाली.

ऑगस्टपासून कार्ड नुसतंच पंखे फिरवत बसलं होतं. सगळा गाडा तो फुकटखाऊच ओढत होता.

पण मला फरक जाणवला होता! पत्ते सरसर पडत होते! याचा खुलासा मेव्हण्याने केला नाही.

मी म्हटलं, स्टोअरमध्ये काम निघालंय. निघालो. शनिवारी स्टोअर बंद असतं. बागेत बसलो. रात्री परतलो तर मेव्हणा अजून तिथेच, दोघं स्क्रीनला डोळे लावून. मी येताच लेकीने स्क्रीनवरची खिडकी बारीक केली. मला डिवचायला नको म्हणून असेल. पोर समजूतदार आहे.

९ मार्च, रविवार.

फिल्म गेली. शेवटासकट.

शांतपणे विचार केला तर माझं फारसं चुकलं नाही. मी बंद केलं नसतं, तर वायर चुकीच्या भोकात आहे हे कुणाला कधी कळलं असतं? शोध माझाच. मेव्हणा फक्त वाकला.

२४ मार्च, सोमवार. सकाळी.

निवड झाली! लेकीला प्रवेश मिळाला! ही रडली, मी रडलो, लेकीने मला मिठी मारली. घट्ट. बऱ्याच दिवसांनी.

पत्रात लिहिलंय की कबुतराचं काम परीक्षकांना विशेष आवडलं. मला नवल वाटलं नाही. सोलल्यासारखं कबूतर जगात कुणी पाहिलंय? पिसं नाहीत म्हणूनच ते उंचीला घाबरतं, हे परीक्षकांच्या लगेच लक्षात आलं असणार. आणि पिसं काढ असं कुणी सांगितलं होतं? नाव घेत नाही.

२४ मार्च, जेवणाच्या सुट्टीत.

नाव घेतलं. स्टोअरमध्ये, कँटीनमध्ये आणि गेटवरच्या वॉचमनपुढे. कलेत वगळण्याला किती महत्त्व असतं ते सगळ्यांना समजावलं. पेढे वाटले. अकाउंटंटलाही दिला, मनात ठेवायचं नाही.

२४ मार्च, दुपारी.

अकाउंटंटने कॉलेजच्या साइटवर फिल्म शोधून काढली. सगळे त्याच्या टेबलाभोवती जमले. मी पुढे उभा राहिलो, समजावून सांगायला.

कबुतराला पिसं होती.

पहिल्या क्षणापासून शेवटापर्यंत. राखाडी, मानेवर हिरवी-जांभळी, वाऱ्यावर एकेक वेगळं हलणारी. खाली परीक्षकांचा शेरा होता, पिसांचं काम अप्रतिम. अकाउंटंटने पेढा संपवला आणि म्हणाला, छान आहे हो, मनापासून.

छान होतीच. शेवटी ते उडतं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, शरमेचं.

२४ मार्च, संध्याकाळी.

हिला विचारलं. ही म्हणाली, त्या शनिवारी तुम्ही बाहेर गेलात ना, तेव्हा दोघांनी बसून सगळी पिसं परत घातली, सगळे तुकडे नव्याने काढले. मशीन भराभर चालत होतं.

मी म्हटलं, मग मला कुणी सांगितलं का नाही? एवढे दिवस? मी काय रागावलो असतो?

ही भांडी आवरत होती. म्हणाली, नाही हो, रागवायची भीती नव्हती तिला. ती म्हणाली, बाबांना कळलं तर ते मदतीला बसतील.