आईचं संमतीपत्र

कारासू, आपला काठ
१९ जून २००३

सौ. माहफुझाबाई यांस,
ओलिमचा सलाम. वि. वि.

परदेशातल्या बाईला लिहिताना अशीच सुरुवात करतात ना?

काल आईच्या चाळिसाव्या दिवसाचा पुलाव झाला. आख्खी गल्ली जेवून गेली. जिच्याशी आई सात वर्षं बोलत नव्हती ती शेजारीणसुद्धा सुतकाचे निळे कपडे घालून आली, रडली. पोटची पोर तेवढी आली नाही. कालव्यापलीकडच्या तुझ्या गच्चीवरून आमचं तुतीचं झाड दिसतं म्हणतेस, मग अंगणातला जनाजा दिसला नाही? लोक विचारत होते. मी सांगून टाकलं, तिला नवऱ्याच्या देशाचं पाणी मानवलंय.

शेवटचे तीन दिवस आईचे डोळे दाराला लागले होते. कुणाचंही पाऊल वाजलं की तुझं नाव घ्यायची. तू येतेयस असं खोटं सांगून तुझी वहिनी हुरमत थकली.

कळावे. लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

ओलिम


कारासू, पलीकडचा काठ
८ जुलै २००३

ती. ओलिमअका यांस,
माहफुझाचा सलाम. वि. वि.

एर्गश आणि मुलं बरी आहेत. तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते.

आई गेल्याचं मला तुमच्याकडून कळलं नाही. सरहद्दीवरचा पूल काढून टाकल्यापासून दोरीला धरून कालवा ओलांडणारी ती कापडवाली, तिनं अर्ध्या पाण्यातूनच ओरडून सांगितलं. एर्गशनं तशीच गाडी काढली. नाक्यावरच्या शिपायानं पासपोर्ट मागितला. जुना मी मार्चमध्ये तुमच्या सरकारला परत केला, नवा या सरकारकडून यायचा होता. हातात नुसती पावती. शिपाई काही वाईट बोलला नाही. पावती उलटसुलट करून म्हणाला, बाई, आज तुम्ही कुठल्याच देशाच्या नाही, मग मी आत कुणाला सोडलं म्हणून लिहू?

परत येऊन मी काठावर उभी राहिले. जनाजा गल्लीतून बाहेर पडला तेव्हा पुढे तुम्ही होतात, कमरेला सुतकाचा पट्टा बांधलेला. मी हाका मारल्या. तुम्ही एकदा मान वळवलीत आणि पुन्हा पुढे बघितलंत.

दोन्ही देशांचं राहायची सोय असती तर मी कशाला काही सोडलं असतं? पण इथे तशी मुभा नाही. जुन्या पासपोर्टवर मी इथे पाहुणी होते. दर तीन महिन्यांनी पोलिस दाराशी यायचा, बाईंची मुदत संपली म्हणायचा. धाकटीच्या वेळी दवाखान्यानं परदेशी म्हणून दारातून परत पाठवलं. म्हणून सप्टेंबर २००१ च्या अखेरीस, तिथलं नागरिकत्व सोडायला लागतं ते आईचं संमतीपत्र तुमच्याकडे मागितलं. ते यायला चौदा महिने लागले. वेळेवर येतं तर नवा पासपोर्ट वर्षापूर्वीच हातात असता आणि मी आईच्या उशाशी असते. हे चौदा महिने कुठे गेले, तेवढं सांगा.

मोठ्या भावाला लिहिताना मायेचं मागणं करून थांबतात. मी नुसतीच थांबते.

माहफुझा


३० जुलै २००३

माहफुझा,

हाक ऐकू आली होती. सगळ्या मयतीनं ऐकली. काठावर उभं राहून गळा काढायला पासपोर्ट लागत नाही, ते सगळ्यांना जमतं.

आता चौदा महिन्यांचं. आईच सही करायला तयार नव्हती. म्हणायची, या कागदावर सही करणं म्हणजे जिवंत लेकीला पुरणं. मी मिनतवाऱ्या केल्या म्हणून शेवटी तिनं केली. माझे उपकार मानायचे सोडून तू मलाच जाब विचारतेस. एर्गशनं शिकवलेलं दिसतंय. मुलांना त्यांच्या मामाचा आशीर्वाद सांग. तुला मात्र वेगळं काही सांगण्यासारखं नाही.

ओलिम


२१ ऑगस्ट २००३

ती. ओलिमअका यांस,

मंगळवारी नवा पासपोर्ट मिळाला. कचेरीतल्या बाईनं फाइलीतले जुने कागद परत दिले. त्यात संमतीपत्र होतं.

आईची सही मी ओळखते. शेवटचं अक्षर नेहमी ओळीखाली घसरलेलं. शेजारी नोटरीचा शिक्का, तारीख ११ ऑक्टोबर २००१. माझं पत्र पोचल्यावर महिन्याच्या आत आईनं सही केली होती. खाली नोटरीनं लिहिलंय की, मजकूर वाचून दाखवला, बाईंनी समजून आपखुशीनं सही केली. आणि तुमच्या पाकिटावरचा टपालाचा शिक्का आहे ४ डिसेंबर २००२ चा.

मेलेल्या आईच्या तोंडी शब्द घातलेत, अका. मला काय वाटेल ते बोलायचं होतंत.

आता तिच्या कबरीपर्यंत यायचं तर मला व्हिसा लागतो, आणि व्हिसाला तिथल्या रक्ताच्या नात्याचं निमंत्रण. तिथे मला रक्ताचे तुम्ही एकटेच उरला आहात. मी ते मागणार नाही.

माहफुझा


१२ सप्टेंबर २००३

चि. माहफुझा हिस,

तुझं पत्र हुरमतच्या हाती पडलं. तिनं वाचून माझ्यासमोर ठेवलं, आणि ती दोन दिवस माहेरी जाऊन राहिली.

कागद माझ्या कपाटात होता. कुराणाच्या खाली ठेवला होता, म्हणजे कुणी हात लावणार नाही. मला वाटलं, कागद गेला नाही तर तुला तिथे राहू देणार नाहीत. कंटाळून मुलांना घेऊन येशील. आईचं सगळं माझ्यावर पडलं होतं आणि अंगणात एक माणूस कमी होतं. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. लिहून बघितल्यावर ते कारण वाटत नाही.

आई दर शुक्रवारी विचारायची, कागद गेला का. मी हो म्हणायचो. तुला कधीच नवा पासपोर्ट मिळाला, तू आता मोकळेपणानं येऊ-जाऊ शकतेस, असंच ती धरून चालली होती. मग लेक येत का नाही, याचा ती स्वतःलाच दोष द्यायची. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, मी लहानपणी तिला फार मारलं, तेच तिच्या मनात राहिलं असणार. मी तेव्हाही काही बोललो नाही.

जनाज्याच्या वेळी काठावरून तुझी हाक ऐकून मान फिरवली ती रागानं नाही. मागे बघायची हिंमत नव्हती.

निमंत्रण सोबत जोडलं आहे. तू मागितलं नव्हतंस.

ओलिम


५ ऑक्टोबर २००३

ओलिमअका,

निमंत्रण पोचलं. दोन दिवस ते परत पाठवायचंच ठरवलं होतं. एर्गश म्हणाला, कागद अडवून ठेवायची रीत तुझ्या माहेरी आहे, ती आपल्या घरात नको.

शुक्रवारी येते. नाक्यावर येऊ नका, घरी जेवणासाठी दस्तरखान मांडू नका. तुमच्या घरचा चहा मी घेणार नाही, हुरमतवहिनीला माझ्या वतीनं तेवढं समजावून सांगा. मी थेट कबरस्तानात जाणार. आईला सांगायचंय की तिनं मारलेलं मला काहीच आठवत नाही. तिनं कोणत्या तारखेला सही केली, तेही सांगणार आहे. पुढे तिचं आणि तुमचं काय ते तुम्ही बघा.

तुम्हाला माफ केलं असं समजू नका. तसं व्हायचं असेल तर काही वर्षांनी होईल, किंवा नाही होणार.

नाक्यावरचा शिपाई विचारेल, इथे तुमचं कोण आहे. अर्जात तो रकाना आहे, रिकामा ठेवला तर आत सोडत नाहीत. तिथे तुमचं नाव आणि पुढे सख्खा भाऊ असं लिहिलं आहे.

माहफुझा