रजिस्टरातली ओळ

बोईसर, १२ मार्च १९८७

ती. मंजुळाताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

सुके बोंबील मिळाले. कारखान्यात मात्र मी आता डबा उघडत नाही. माझ्यानंतर मशीनवर येणारा वाणगावचा पुंजाराम. त्याने जानेवारीत नाकाला रुमाल लावून माझा डबा कँटीनबाहेर नेऊन ठेवला. सगळे हसले. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

पंधरा दिवसांपूर्वी वाफेचा व्हॉल्व्ह गळत होता. पाळी संपताना मी रजिस्टरात लिहिलं, ‘हात लावू नये’, आणि त्याच्या शेजारून निघून आलो. तोंडाने एक शब्द काढला नाही. गेटपाशी पोचलो तोच त्याची किंकाळी ऐकली. दोन्ही हात भाजले.

साहेब म्हणाले, नामदेवने लिहिलं होतं, त्याचा दोष नाही. पण ताई, रोज पाळी बदलताना तो शेजारी उभा आहे असं वाटतं, मी बोलायची वाट बघत. त्याचा शर्ट अजून खुंटीला आहे.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
नामदेव

सातपाटी, १८ मार्च

चि. नामदेवास अनेक आशीर्वाद.

मी सांगते नि लेक हिरा लिहिते. तू ल्हानपणापासून असाच. बाबांनी मारलं तरी रडायचा नाय, आठ दिस गप. आमाला वाटायचं, पोर शांत हाय. तुजे भावोजी नि त्यांचा जोडीदार चिंधू होडीवर आईबापापर्यंत भांडतात, पण दोर सोडताना हाक देतात. भांडायचं होतंस रे. कामाची हाक का गिळलीस?

त्याच्या घरी जा. बोंबील नको, चिकू ने.

जीवाला जप, मी हाय.
तुजी ताई

बोईसर, २९ मार्च

ती. ताईस सा. न.

आज रविवार, वाणगावला जाऊन आलो. त्याची बायको जमना त्याला भरवत होती. मी सगळं सांगितलं. रागापोटी तोंड उघडलं नाही, हेही. पट्ट्या बांधलेले हात त्याने मांडीवर घेतले. मग म्हणाला, रजिस्टर मी उघडलं होतं. तुझं अक्षर दिसलं म्हणून वाचलं नाही, मिटून ठेवलं.

जमनाबाईंनी चिकू सोलला, एक फोड त्याच्या तोंडात दिली, एक माझ्या हातावर ठेवली.

आता पाळी बदलताना मी सगळं तोंडाने सांगतो, समोरचा वैतागेपर्यंत. तरी सांगून झाल्यावर मागे वळून बघतो. कुणीतरी ऐकायचं राहिलंय असं वाटतं.

तुझा,
नामदेव