ती मागे वळून पाहत नाही

४ जानेवारी

आले बाई एकदाची. एक ट्रंक, दोन पिशव्या आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी. गाडीत बसवून देताना दादा म्हणाला, भुतांच्या सिनेमावर पोट भरणारी तू आपल्या घराण्यातली पहिलीच. वर्तमानपत्राने रविवारची पुरवणी बंद केली तेव्हापासून तो माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलतो. आज मात्र मला काही म्हणजे काही लागलं नाही.

चित्रपट संग्रहालय एका जुन्या बाटल्यांच्या कारखान्यात आहे. जाड भिंती, उंच खिडक्या. वरच्या मजल्यावर मला राहायला खोली दिली आहे, तिचा नळ सोडून सगळं धड आहे. इथल्या प्रमुख, त्यांना सगळे मॅडम म्हणतात, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि फाइल वाचून दाखवल्यासारखं बोलतात. ऑपरेटरकाका सत्तरीचे. गावातल्या थिएटरात जन्मभर प्रोजेक्टर चालवला, थिएटर पाडलं तेव्हा इथे आले. चहा उत्तम करतात आणि जेवढ्यास तेवढं बोलतात.

माझं काम म्हणजे ‘तळ्याकडची बाजू’ या जुन्या भयपटाची आठही रिळं हाताने फिरवून तपासायची, फिल्मवरच्या एकेका चित्राच्या चौकटी मोजायच्या, कुठे चरा, कुठे जोड, ते कार्डावर लिहायचं. मग नवी प्रत निघेल, महिनाअखेर खेळ होईल, आणि त्यासोबतच्या पुस्तिकेत माझा लेख. मुखपृष्ठावर या सिनेमावरच्या माझ्याच जुन्या लेखातलं वाक्य छापणार आहेत, ‘ती मागे वळून पाहत नाही’. वीस वर्षांपूर्वी लिहिलं तेव्हा मानधनाऐवजी पुरवणीचे दोन अंक मिळाले होते.

६ जानेवारी

चार रिळं झाली. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. फिल्म सडायला लागली की असा वास सुटतो. मला तो अत्तरासारखा वाटतोय, यावरून काय ते समजावं.

हा सिनेमा चाळीस वर्षांपूर्वी जेमतेम चार दिवस चालला होता. लोक हसले म्हणे, भुताच्या सिनेमात भूतच नाही! नाहीच आहे. एक नवी नवरी, एक घर, आणि त्या घराच्या सगळ्या खिडक्या तळ्याकडे उघडणाऱ्या. दिग्दर्शकाकडे दिवे कमी होते, म्हणून कोपरे काळे राहिले, आणि दोन तास आपण त्या कोपऱ्यांकडेच बघत बसतो. घरातले नोकर नवरीशी बोलताना तिच्या खांद्यामागे पाहतात, पण तिथे काय आहे ते कॅमेरा दाखवत नाही. तिसऱ्या रिळात ती टेबल पुसते. फक्त टेबल पुसते, आणि पुसलेला भाग पुन्हा ओला होतो. संगीत नाही, किंकाळी नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा एवढ्याशा गोष्टीने माझी दातखीळ बसली होती. आजही मान आपोआप मागे वळली.

माझा तेव्हाचा नवरा म्हणायचा, तुला जिवंत माणसांपेक्षा हा सिनेमा जवळचा. चुकीचं नव्हतं ते.

९ जानेवारी

आठवं रीळ. काकांनी सात डबे आणून दिले, आठवा फडताळातच ठेवला. विचारलं तर म्हणाले, कंबर धरलीय. मग मीच काढून आणला.

शेवटचं दृश्य, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. पहाटेचं धुकं. नवरी घराच्या पायऱ्या उतरते आणि तळ्यात चालत जाते. कॅमेरा काठावर, तिच्या पाठीमागे. घोटे, गुडघे, कंबर, खांदे. कुठेही घाई नाही. मग डोकं. मग फक्त पाणी, आणि लगेच अंधार. एकाच दमात घेतलेलं. आपल्याकडे भीती इतक्या सभ्यपणे कुणी दाखवलेली नाही.

चौकटी ११०४. सेहेचाळीस सेकंद. कार्डावर लिहिलं.

१२ जानेवारी

आज एक म्हाताऱ्या बाई भेटायला आल्या. नीटनेटक्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत माझा जुना लेख, घडीवर चिकटपट्टी लावलेला. शेजारच्याच गावात असतात. म्हणाल्या, माझ्या धाकट्या बहिणीबद्दल चांगलं लिहिणाऱ्या तुम्ही जगात एकट्याच.

मला कळेना. लेखात मी नायिकेचं कौतुक केलं होतं. त्यावर बाई हसल्या. नायिका थंड पाण्यात उतरायला तयार नव्हती, म्हणून पाठमोरी त्यांची बहीण चालली. एकोणीस वर्षांची. श्रेयनामावलीत नाव नाही, कुठेच नाही. त्याच आठवड्यात ती सेटवरच्या सुताराचा हात धरून पळून गेली, दिग्दर्शकाने स्वतः घरी येऊन सांगितलं. पुन्हा पत्र नाही की निरोप नाही. ‘आईला संपवलंन् तिने,’ बाई म्हणाल्या. ‘पण चालली छान, नाही का?’

मी हो म्हटलं. वीस वर्षं मी ज्या पाठीवर लिहीत, बोलत, मिरवत आले ती कुणाची हेसुद्धा मला माहीत नव्हतं. काका चहा घेऊन आले, बाईंना पाहून दारातूनच परत फिरले.

१३ जानेवारी

आठवं रीळ पुन्हा लावलं, पुस्तिकेसाठी एक चौकट निवडायची होती. शेवटच्या दृश्याच्या चौकटी ११३१ भरल्या.

सत्तावीस जास्त. माझीच मोजदाद चुकली असणार. पण जास्तीच्या चौकटी मी पाहिल्या आहेत. डोकं बुडायच्या अगोदर ती थांबते. आधी ती थांबत नव्हती. या दृश्यावर मी हयात घालवली आहे, मला नका सांगू.

१५ जानेवारी

११९०. मध्ये जोड नाही, चिकटवल्याची खूण नाही, फिल्म सलग आहे.

ती मागे वळते.

पाणी खांद्यापर्यंत, आणि ती वळून काठाकडे बघते. हा नायिकेचा चेहरा नाही. रुंद कपाळ, परवाच्या म्हाताऱ्या बाईंचं असतं तसंच. एक हात वर. तोंड उघडं. या भागाला आवाज नाही.

मॅडमना हाताला धरून आणलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, यंत्रावरचा आकडा पाहिला. म्हणाल्या, ११०४ आहेत की, आणि तिची पाठच दिसतेय. डोळे तपासून घ्या, इथे सगळ्यांनाच त्रास होतो. अगदी मायेने म्हणाल्या. मला ती माया सहन झाली नाही.

१६ जानेवारी

काकांना पाहायला लावलं. नको म्हणत होते, मी हट्टाला पेटले. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि लगेच काढला. मग जिन्याच्या पायरीवर बसून बोलले, माझ्याकडे न बघता.

थिएटरात लागण्याआधी ते याच सिनेमावर कॅमेऱ्याचे मदतनीस होते. मुलीला पोहता येत नव्हतं, तिने ते आदल्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणून तिच्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक काकांच्या हातात दिलं. पाणी खांद्याला लागलं तसा दिग्दर्शक हळूच म्हणाला, ‘सोड, दोरी दिसतेय.’ काकांनी सोडली. चिखलात तिचा पाय गेला असावा, डोकं पाण्याखाली गेलं. वर आली ती काठाकडे वळूनच, हात वर केला, हाका मारल्या. दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवू दिला नाही. धुक्यात कुणालाच काही सापडलं नाही. सुताराला दोन दिवसांत लांब पाठवून दिलं आणि गोष्ट रचली. ती वर येते तिथपासूनची फिल्म दिग्दर्शकाने स्वतः कापून चुलीत घातली.

‘तुमचा लेख वाचला होता मी,’ काका म्हणाले. ‘वाटलं, बरं झालं. लोकांना आवडतंय तर मग ती अगदीच फुकट नाही गेली.’

मला त्यांच्या कानाखाली ओढावीशी वाटली. माझ्यासुद्धा.

१७ जानेवारी

कुणाला सांगता येणार नाही ते इथे लिहून ठेवते. ती वळली, तो चेहरा मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा माझ्या मनात आधी काय आलं? की प्रकाश किती सुरेख पडलाय. गालावर, ओल्या केसांवर. पोरगी मदत मागतेय आणि मी प्रकाश बघतेय. नंतर घाबरले. आधी नाही.

१९ जानेवारी

मॅडमना सगळं सांगितलं. म्हणाल्या, पुरावा काय? दिग्दर्शक गेला, नायिका गेली, रिळात काही नाही. पुस्तिका छापून झालीय. काका लेखी देतील तर बघू.

काका देतो म्हणाले. परवा सकाळी, सही करून. म्हणाले, आता डोळे मिटायच्या आत हलकं व्हायचंय.

रिळात आता १४०८. ती बुडत नाही. वळून काठाकडे चालायला लागली आहे.

२० जानेवारी

बाईंच्या घरी गेले. दोन खोल्या, दाराला तीन कड्या. त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी दोरी, हात, सुतार, सगळं सांगितलं. एवढंच नाही सांगितलं की मला ती दिसते आहे.

त्या पदराचं टोक चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आई जाताना काय बोलली माहितीये? ती परत आली तरी दार उघडू नकोस. आणि मी नसतं उघडलं. चाळीस वर्षं रोज कड्या लावताना मी तिला शिव्या दिल्यात. आता तुम्ही येऊन हे सांगताय. त्या शिव्यांचं मी काय करू?’

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

‘तुम्ही तर शंभरदा पाहिलं असेल ते. पाहताना काय वाटायचं हो?’

वाईट वाटायचं, असं सांगितलं. त्यांनी माझा लेख पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि दार उघडून उभ्या राहिल्या. मी बाहेर पडले. मागे कड्यांचा आवाज आला नाही.

२१ जानेवारी

काका गेले.

सकाळी साडेआठला मीच पाहिलं. तपासणीच्या टेबलाशी बसलेले, आठवं रीळ यंत्रावर चढवलेलं, समोर कोरा कागद, उघडं पेन. डॉक्टर म्हणाले हृदय. असेलही. पण उजव्या तळव्यावर आडवा वळ होता, कातडी सोललेली, ताजी. घट्ट धरलेलं काहीतरी हातातून सरकन ओढून नेल्यासारखी. मी डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, फिल्म फिरवताना कापलं असेल.

कागदावर एकही अक्षर नव्हतं.

२२ जानेवारी

मॅडमनी दोन दिवस सुट्टी घ्या म्हटलं. दादाचा फोन आला, घरी ये म्हणाला, हळू आवाजात. सामान भरलं. ट्रंकेवर बसून राहिले. गाडी होती दुपारची, गेली.

खोटं कशाला लिहू. मला पुढचं पाहायचं आहे.

चौकटी १९७६. कंबरभर पाण्यात. कमरेला दोरी, टोक मागे तरंगतंय. एकटक बघतेय. दिग्दर्शक उभा होता तिकडे नाही, काका होते तिकडे नाही. सरळ भिंगात.

२३ जानेवारी

मोजणं सोडलं.

घोट्यापर्यंत. पायऱ्यांशी. धुकं तिच्या मागे राहिलं, पुढे सगळं लख्ख —

टेबल पुसलं. पुन्हा ओलं. पुसलं —

लेख जाळायला घेतला, काड्या सादळलेल्या, एकही पेटेना. मॅडम खाली पुस्तिकेचे गठ्ठे मोजून घेताहेत, हसण्याचे आवाज येताहेत. हाक मारावी म्हटलं. काय सांगणार. येऊन पाठच पाहतील.

२४ जानेवारी

सकाळचे अकरा. खोलीभर ऊन. दार उघडं आहे, मी कधीही उठून जाऊ शकते. हे मुद्दाम लिहून ठेवते —

चौकटभर तिचा चेहरा. खरंच लहान आहे गं. एकोणीस म्हणजे काय —

ओठ हलताहेत. इतके दिवस वाटलं मदत मागतेय. नाही. एकेक चौकट थांबवून वाचतेय. मला विचारतेय काहीतरी. पहिला शब्द ‘तू’ —

हात यंत्र फिरवायच्या दांड्यावरून काढला आहे. दोन्ही हात वहीवर आहेत. रीळ फिरतंच आहे —

‘तू कितीदा’

पुढचं ‘पा’ — ओठ मिटून उघडले, ‘पाहि’ —

‘तू कितीदा पाहिलंस आणि एकदाही