दोनशे पाचचा टायर

४ फेब्रुवारी, रविवार
ट्रॅक डे: रेसच्या ट्रॅकवर आपापली गाडी पळवायची, फेरीची वेळ मोजायची. माझी लॅप एक मिनिट सत्तावन्न सेकंद. दातांच्या डॉक्टरांची एक अठ्ठेचाळीस. गाडी तीच, मॉडेल तेच, वर्षही तेच. म्हणजे ड्रायव्हिंगचा प्रश्नच येत नाही. टायर! माझे १७५ रुंदीचे, गाडीबरोबर आलेले. डॉक्टरांचे नक्कीच काहीतरी खास असणार.
संकल्प: विषयाचा मुळापासून अभ्यास.

६ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
अभ्यास झाला. रुंद टायर, जास्त पकड. २०५ घ्यायचे. उरलेले लेख वाचले नाहीत, उगाच गोंधळ होतो.

१० फेब्रुवारी, शनिवार
टायरच्या दुकानात. मालकीणबाई खाली बसून चाकावरच्या कमानीत बोटं घालून बघत राहिल्या. म्हणाल्या, या रिमवर १९५च्या पुढे जाऊ नका. २०५ चढेल, पण कडा आवळल्या जातील. शिवाय उंचीही वाढतेय, वळणावर दाब आला की पत्र्याला घासेल. मी सांगितलं, मी लिफ्टची तपासणी करतो, मिलिमीटर मला शिकवू नका. मग तुम्हीच बोट घालून बघा, म्हणाल्या. घातलं नाही. हात खराब झाले असते.
बिलावर ‘ग्राहकाच्या आग्रहावरून’ असं लिहून माझी सही घेतली. धंद्याची पद्धत नाही ही.

११ फेब्रुवारी
गाडी काय रुबाबदार दिसतेय! पार्किंगमध्ये वळवताना खर्रर्र आवाज. नवीन रबर आहे, बसेल हळूहळू. बायकोने विचारलं, खडा अडकलाय का. हो म्हटलं.

१४ फेब्रुवारी
खडा वाढला. कमानीच्या आतली पत्र्याची कड हातोडीने ठोकून वळवली. उजवीकडे छान जमलं. डावीकडे जरा धार राहिली. उद्या कानस मारायची.

१५ फेब्रुवारी
कानस उद्या.

१७ फेब्रुवारी, शनिवार
बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. एकतीस वर्षं बस चालवली त्यांनी, एकही अपघात नाही. पुढच्या चाकापाशी थांबून म्हणाले, हे जरा दाटलंय रे. मी म्हटलं, बाबा, बसची गोष्ट वेगळी. बरं म्हणाले. मग थोड्या वेळाने विचारलं, उद्या मी येऊ का शेजारी बसायला? माझ्याकडे त्यांनी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. त्यांच्या मापाचं हेल्मेट शोधण्यात संध्याकाळ गेली.
कानस राहिली. एका दिवसाने काय होतंय.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६. हॉस्पिटल
तिसरी लॅप. मोठं उजवं वळण. डावा पुढचा टायर फुटला. गाडी वळलीच नाही, सरळ जाऊन डाव्या अंगाने भिंतीवर आपटली. बाबांच्या बाजूने. त्यांचा खांदा आणि कमरेचं हाड. मला ओरखडासुद्धा नाही.
ट्रॅकची माणसं धावत आली, तेव्हा बाबाच आधी बोलले. म्हणाले, मीच घाबरून स्टीअरिंग ओढलं, पोराची चूक नाही.
असेल. त्या धक्क्यात नीट आठवत नाही. वय झालंय त्यांचं.

२१ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. बायकोला सांगितलं, बाबांनी स्टीअरिंग ओढलं. ती डबा उचलून वॉर्डात गेली.
दातांचे डॉक्टर भेटून गेले. जाताना मी सहज विचारलं, तुमचे टायर कुठले? म्हणाले, गाडीबरोबर आलेलेच, अजून बदलले नाहीत.

२ मार्च
गॅरेजवाल्याचा फोन. फुटलेल्या टायरच्या बाहेरच्या अंगाला गोल चीर आहे, कोणी चाकू फिरवावा तशी. डावीकडची पत्र्याची कड घासून चकाकतेय. इन्शुरन्सच्या फॉर्मवर कारण काय लिहू, म्हणाला. मी सांगितलं, शेजारच्या प्रवाशाने स्टीअरिंग ओढलं. मग म्हणाला, ते तुम्हीच लिहा.
लिहिलं.

१७ मार्च, रविवार
बाबा घरी आले. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. वॉकरशिवाय चालणं आता नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.
सकाळी त्यांना खुर्चीवर बसवून अंघोळ घातली. पाठ चोळताना विचारलं, बाबा, तुम्ही खरंच स्टीअरिंग ओढलं होतं? म्हणाले, पाणी निवतंय, ओत लवकर.
ओतलं.
टायर फुटला तेव्हा त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. मी बघितले होते.