तीनशे सात नंबरच्या खोलीतली बाई

चांगहुआ,
१७ नोव्हेंबर

प्रिय आ-वान,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तिकडे थंडी पडली असेल, आणि तू गळ्याला काहीतरी गुंडाळूनच बाहेर पडत असशील असं धरून चालते. इथे दुपारी अजून पंखा लागतो. दुकान ठीक चाललंय. सकाळी सोयाबीनचं दूध आणि अंड्याची पोळी, अकराला शटर खाली. तुझ्या बाबांच्या फोटोपुढे पेरू ठेवले होते, ते परवा मीच खाल्ले.

तुझे फोन आले, ते मी घेतले नाहीत. आई रागावली, असं तुला वाटत असेल. त्याचं लिहिते पुढे. आधी दुसरं सांगते.

आपल्या दुकानासमोर कापडगिरणीतल्या मुलींचं जुनं वसतिगृह आहे ना, लग्नाआधी चार वर्षं मी राहिले ते, तिथे मार्चपासून शनिवार-रविवार दुपारी माणसं येतात. बंदुका घेऊन. घाबरू नकोस, प्लास्टिकचे छरे उडवणाऱ्या नकली बंदुका आहेत. शिकवायला को मास्तर असतात, पूर्वी सैन्यात होते. शिकणारे आपल्यासारखेच, कुणी दातांच्या दवाखान्यात कामाला, कुणी शाळेत. लढाई आलीच तर इमारतीत शिरायचं कसं, कोपरा वळायचा कसा, दाराआड कोण आहे ते बघायचं कसं, हे शिकतात. एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून जिना चढतात.

एकदा को मास्तर पोळी खाता खाता म्हणाले, "मावशी, एक काम आहे. खोलीत नुसतं बसायचं."

"बसून काय करायचं?"

"काही नाही. त्या घरात राहणारी बाई व्हायचं. ही मंडळी आत घुसली की दिसेल त्याला गोळी घालतात. जिला घालायची नाही अशी कुणीतरी पाहिजे."

"आणि घातली तर?"

"तर मेलात. पाच मिनिटांनी उठायचं."

मी गेले. त्यांनी मला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं, आणि तिथे मी आपणहून तीनशे सातमध्ये शिरले. ती माझीच खोली. तेव्हा आठ जणी राहायचो. आता खाटा गेल्यात, फरशीवर पायांच्या खुणा तेवढ्या आहेत. मी माझ्या खाटेच्या खुणांमध्ये खुर्ची ठेवते, मांडीवर शाल घेते आणि बसते. खिडकीतून ऊन येतं, हळूहळू भिंत चढतं. खालून पावलं येतात ती ऐकू यायच्या आधी पायांना कळतात, फरशी थरथरते. दुसरी पाळी सुटली की अशीच थरथरायची. मला वाटतं आता मुली येतील, ओले केस पुसत, एकमेकींना ढकलत. दार उघडतं आणि बंदूक आत येते. दोन्हींचं मला सारखंच नवल वाटतं. पहिल्या महिन्यात मी पुष्कळदा मेले. मरून फरशीवर पडलं की छत दिसतं. छताला आमच्या वेळची भेग तशीच आहे, नदीसारखी.

ज्यांनी मला एकदाही मारलं नाही असे एकच, श्यू साहेब. कर कार्यालयात असतात, पन्नाशीचे. रोज सातला आपल्याकडेच नाश्ता. कोपरा इतका हळू वळतात की बाकीचे चिडवायचे, "श्यू साहेब, नोटीस बजावायला निघालात का? शत्रू जेवायला घरी जाईल." ते हसायचे नाहीत. दारात थांबून आधी माझे हात बघायचे. मास्तरांनी तेच शिकवलंय, तोंड नाही, हात बघा. मग म्हणायचे, "मावशी, बसा."

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दुपार फार जड होती. छरा डोळ्यात जाऊ नये म्हणून दिलेला जाड चष्मा घामाने धुरकटला म्हणून मी काढून ठेवला. तो काढायचा नाही हे मला सांगितलेलं होतं. डोळा लागला. तेव्हाची माझ्या वरच्या खाटेवरची छ्यू-लान केस झटकत होती, पाण्याचे थेंब माझ्या मानेवर पडत होते, आणि मी ते पुसायला शालीत हात घातला. हात घालताना जाग आली. दारात श्यू साहेब उभे होते. त्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज नव्हता. मला वाटलं हेही स्वप्नच. मी हात बाहेर काढला आणि त्यांनी गोळी घातली.

छरा डोळ्याच्या बोटभर खाली लागला. रक्त आलं, फार नाही. श्यू साहेबांनी बंदूक टाकली आणि फरशीवर बसले. नंतर मास्तर आले. समोरच्या खोल्यांतही तेव्हा ओरडाआरडा चालला होता, त्यामुळे कुणी काय म्हटलं ते कुणालाच सांगता येईना. मास्तरांनी माझ्यापुढे वाकून विचारलं, "मावशी, हे 'हात दाखवा' म्हणाले होते का?"

मी म्हटलं, "मला काही ऐकू आलं नाही."

ते खरं होतं. पण मी ते ज्या रीतीने म्हटलं, आ-वान, ते खोटं होतं. मास्तरांनी सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं, पुन्हा येऊ नका. श्यू साहेब उठले आणि जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवसापासून नाश्त्यालाही येईनात. स्कूटर दुकानासमोरून जायची, मान पलीकडे वळवलेली.

आता तुला सांगते. जुलैमध्ये मी कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा अर्धा उरलाय. गिरणीतल्या मागांच्या आवाजाने नेला, म्हणाले, फक्त कळायला चाळीस वर्षं लागली. मी हे कुणाला सांगितलं नाही. मास्तरांना कळलं तर खोलीत बसू देणार नाहीत, आणि तुला कळलं तर तू येऊन मला उचलून नेशील. एवढ्यासाठी मी एका भल्या माणसाला खाली बघायला लावलं. तीन आठवडे.

मग एका सोमवारी कर कार्यालयात गेले. नंबराची चिठ्ठी घेतली, बसले. माझा नंबर आला. श्यू साहेबांनी मान वर न करता काहीतरी विचारलं.

मी म्हटलं, "मी बहिरी आहे."

आपला आवाज किती मोठा झालाय ते मला कळत नाही. सगळं कार्यालय वळून बघायला लागलं. काचेपलीकडून ते काही बोलले, मला समजलं नाही. मग त्यांनी कागदावर लिहिलं, 'तुम्ही झोपला होतात ना?'

"झोपले होते. जागी असते तरी ऐकलं नसतं. तुम्ही ओरडलात?"

त्यांनी तीन बोटं वर केली.

"मला ते त्याच दिवशी माहीत होतं," मी म्हटलं. "तुमचं तोंड हलताना दिसलं होतं. मी गप्प बसले."

त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग लिहिलं, 'मला वाटायला लागलं होतं की मी ओरडलोच नाही.'

त्या शनिवारी त्यांना घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी आधी श्यू साहेबांची माफी मागितली. मग मला म्हणाले, "मावशी, आता तुम्हाला कसं बसवणार?"

श्यू साहेब म्हणाले, "मी सांगत जाईन." हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं.

आता दर वेळी सुरू करायच्या आधी ते वर येतात, माझ्या खांद्यावर हात ठेवतात, चष्मा नीट बसलाय का बघतात आणि खाली जातात. मग बंदूक घेऊन पुन्हा येतात, मला कधी पाहिलंच नाही असे. दारात थांबतात. हात बघतात. त्या थांबण्यात खोली इतकी शांत होते की मला सगळं ऐकू आल्यासारखं वाटतं.

तू माझ्यासाठी काढलेलं विमानाचं तिकीट परत कर. मला शूर समजू नकोस. खरं काही झालं तर मी टेबलाखाली बसेन, दुसरं काय. पण इथली माणसं मला मारायला नाही, न मारायला शिकतायत, आणि त्यासाठी मी त्यांना लागते. तुझ्या घरात मी कोणत्या खुर्चीत बसू, ते मला दिसत नाही. येईन मी, पाहुणी म्हणून, वसंतात. परत येण्यासाठी.

आणि ऑगस्टमधला तो फोन. मी इथून हलणार नाही म्हटलं, तेव्हा शेवटी तू म्हणालीस, "मग मर तिथेच." त्यानंतर तू सात वेळा फोन केलास. बहुधा आईला ते ऐकू गेलं नसेल, अशी आशा धरून. फोन उजव्या कानाला होता, बाळा. मी ऐकलं. पुढचे फोन घेतले नाहीत ते रागाने नाही, अर्धं ऐकून हो-हो म्हणत राहिले असते आणि तुला कळलं असतं म्हणून. तू घाबरली होतीस. घाबरलेलं माणूस दारात काय करतं, ते मी आता दर आठवड्याला बघते, आणि पाच मिनिटांनी उठते.

रविवारी फोन कर. मोठ्याने बोल, शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल.

तुझी, इथेच बसलेली,
आई