अब्बा, कमानीला तुमचं नाव नको

प्रिय अब्बा,

आज गुरुवार, म्हनून लाईट न्हाई. मशीन बंद, ग्राइंडर बंद, शेजारची पिठाची गिरनी बी गप. आपल्या वेल्डिंगच्या दुकानात मी एकटीच बसलेय आनि पुढ्यात पत्र्यातनं कापलेलं तुमचं अर्धं नाव पडलंय. बाकीचं अर्धं आज संपवायचं व्हतं. पन खरं सांगू? सकाळी लाईट व्हती तवा बी मी त्याला हात लावला न्हाई. म्हनून वही घेतली. तुमी समोर व्हता तवा मला कुटं बोलता यायचं? मग आता लिहूनच सांगते.

उद्या ग्रामसभा हाय, अब्बा. जुम्म्याची नमाज झाली की शाळेच्या व्हरांड्यात. गावाला जो पैसा आलाय त्यातनं वेशीवर तुमच्या नावाची कमान बांधायची, का तुमी झोपाळे लावलेलं मैदान नीट करायचं, ते उद्या ठरनार. दोन्ही व्हनार न्हाई. एकच काम बसतंय म्हनं. आनि उद्या ठराव झाला न्हाई तर पैसा आल्या वाटेनं माघारी.

आनि मला उभं राहून म्हनायचंय, कमान नको.

तुमच्या नावाची कमान, आनि तुमच्याच पोरीनं नको म्हनायचं! कसं म्हनू, सांगा ना?

हे सगळं तुमी गेल्यावर, तुमच्या चाळीसाव्याला सुरू झालं. फातिहा झाली, जेवनं चालली व्हती. अख्खं गाव आलतं अब्बा. वरच्या वाडीची गंगूमावशी, तिच्या सुना, कार्ल्याच्या रस्त्यावरचे टपरीवाले, तुमच्याकडनं फुकट कडी-कोयंडे डागून घेनारे ते सगळे. सरपंचताई पंगतीतनं उठून उभ्या राहिल्या. म्हनाल्या, "उस्मानभाईंनी पोरांना भंगारातनं झोपाळे केले, घसरगुंडी केली. एक रुपया घेतला न्हाई. आपन वेशीवर त्यांच्या नावाची कमान उभारू." लोकांनी खरकट्या हातानं टाळ्या वाजवल्या! चाचा तर रडायलाच लागला. डोळे पुसत म्हनाला, "गाव म्हनंल तसं. आमची जबान हाय."

झालं. मयताच्या जेवनात दिलेला शब्द. तो कोन मोडनार? ताटावर बसलेल्या मानसांना न्हाई कोन म्हननार?

जाताना सरपंचताई माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हनाल्या, "अक्षरं तूच काप. बापाचं नाव लेकीच्या हातचं." मला लय बरं वाटलं तवा. खोटं कशाला बोलू! मी चांगला जाड पत्रा बघून आनला. पैलं अक्षर कापलं तवा कानस मारमारून त्याच्या कडा अशा गुळगुळीत केल्या, की तुमी बोट फिरवून बघितलं असतं.

मग तो रविवार आला.

तुमी असताना मैदानाच्या तोंडाला दगड मांडून ठेवायचा, आठवतंय? लेण्या बघायला आलेली गाडी आत शिरायला लागली की तुमी हातातलं काम टाकून जायचा. "साहेब, हितं पोरं खेळत्यात. गाडी तिकडं रस्त्याला लावा." लोक ऐकायचे. तुमच्या हातात हातोडी असायची, म्हनून बी ऐकत असतील! तुमी गेलात आनि ते दगड बी कुनीतरी बाजूला लोटले. आता शनिवार-रविवार मैदान म्हंजे गाड्यांचा तळ झालाय. गाड्या, बाटल्या, मोठ्यानं लावलेली गानी. पोरं कडंला बसून बघत असत्यात.

त्या रविवारी आपली बारकी, नाझ, झोपाळ्यावर व्हती. मी दुकानातनं बघत व्हते, म्हनून मला दिसलं. पांढरी गाडी मागं आली. मागं, मागं. मी वरडले. पन माझं वरडनं किती, तुमाला ठाऊक हाय. गाडी झोपाळ्याच्या खांबावर आदळली, खांब वाकला आनि नाझ पुढच्या पुढं मातीत पडली.

वाचली, अब्बा. कोपर सोलवटलं, बाकी काय न्हाई. पन ती गाडीच्या चाकाजवळ पडली व्हती, आनि ते चाक अजून फिरत व्हतं. डोळे मिटले की मला ते चाक दिसतंय.

गाडीवाला खाली उतरला. घाबरला व्हता, न्हाई असं न्हाई. पन म्हनतो काय, "हे पार्किंग नाहीये का? मग तसा बोर्ड कुठे लावलाय?"

बोर्ड! त्याला काय सांगू, की हितला बोर्ड मागच्या म्हैन्यात दफन केला?

त्या दिवसापास्नं कुनी बाया पोरांना मैदानात सोडीनात. मोठ्या पोरींचं तर आधीच बंद झालंय. खेळायला आलं की जायाचं कुटं? आडोसा न्हाई, संडास न्हाई, सांज झाली की दिवा न्हाई. मी बी त्याचमुळं सोडला व्हता की खो-खो. तुमाला वाटलं, पोरगी लाजते. लाजत व्हतेच. पन निसती लाज नव्हती ती, अब्बा. तुमी झोपाळे केले, घसरगुंडी केली, तेवढं एक तुमच्या ध्यानात कसं आलं न्हाई?

दुसऱ्या दिवशी मी खांब सरळ करायला गेले. तापवला, ठोकला, पट्टी लावून डागला. तुमच्यासारखा न्हाई झाला, पन उभा हाय. डागता डागता मला आठवलं, तुमी हे झोपाळे रंगवत व्हता तवा मी म्हनलं व्हतं, अब्बा, हितं तुमचं नाव लिहू का? तुमी ब्रश झटकून म्हनलात, "नाव कशाला? मोडलं की लोकांना आपलं घर ठाऊक हायच की."

तितं मैदानात बसूनच मी ठरवलं. अक्षरं बंद.

काल महिला सभा झाली. ग्रामसभेच्या आधी असती ती. बाया जात्यात, कागदावर सह्या करत्यात, चहा पित्यात आनि घरी येत्यात. अम्मी इद्दतीत हाय, तिला उंबऱ्याभाईर जायचं न्हाई, म्हनून आपल्या घरातनं मी गेले. गंगूमावशीच्या पाठीमागं लपून बसले. तिची पाठ रुंद हाय, बरं पडतं.

ग्रामसेवक म्हनाले, "कमानीचा ठराव हाय. सगळ्यांनी सह्या करा, चहा येतोय."

गंगूमावशी म्हनाली, "चहा दर वर्साला येतोय. पैसा किती दिसांनी आलाय ते बघा. पोरांच्या मैदानाचं काय? परवा उस्मानदादाची बारकी गाडीखाली गेली असती की."

"मावशी, एकच काम बसतंय. पुढच्या आराखड्यात मैदान घेऊ."

"पुढच्या आराखड्यापतूर पोरं काय झाडावर खेळतील?"

बाया हसल्या. आनि त्या हसन्यात माझ्या तोंडातनं निघून गेलं, "कुंपन."

"कोन बोललं?"

"ही, उस्मानदादाची थोरली. सायरा."

"अगं बया, हिला तोंड हाय व्हय!" मागनं कुनीतरी म्हनलं, आनि परत सगळ्या हसल्या.

माझे कान तापले. शाळेत धडा वाचायला उभं केलं की व्हायचं ना, तसं. पन गंगूमावशी जरा बाजूला सरकली. मुद्दाम सरकली ती! माझ्यापुढं आडोसाच राहिला न्हाई. मग मी खाली बघून बोलले, "कमान नको. मैदानाला कुंपन पायजे. फाटक पायजे, गाडी आत जानार न्हाई असं. एक दिवा. आनि पोरींना संडास."

कुनी हसलं न्हाई मग.

सरपंचताई म्हनाल्या, "अगं, तुझ्या वडलांची कमान हाय ती."

"व्हय," मी म्हनलं.

बायांनी कुंपनाला हात वर केले. सगळ्यांनी न्हाई, पन लय जनींनी केले. सरपंचताई मला बाजूला घेऊन म्हनाल्या, "हे बघ, माझ्या बी मनात हाय. पन चाळीसाव्याला मी गावापुढं शब्द दिलाय. उस्मानभाईंची कमान मी काढली, तर गाव माझ्या तोंडात शेन घालंल. परवा तू सगळ्यांसमोर उभी राहून सांग. घरचं मानूस बोललं तरच मी कमान मागं घेईन. न्हाईतर कमानच."

सगळ्यांसमोर म्हंजे सगळ्या बाप्यांसमोर. चाचासमोर.

चाचाला लोणावळ्यातच कळलं. चिक्कीच्या दुकानातनं सुटला तो सरळ घरी आला. चपला बी काढल्या न्हाईत. दारातनंच म्हनाला, "खरं हाय का हे?"

मी मान खाली घालून चहाचं आधन ठेवलं.

"तोंड वर कर. तिकडं बोललीस, आता माझ्यासमोर बोल! आपल्या घरातलं कुनाचं नाव आजपतूर कुटं लागलंय? कबरीवर साधा दगड न्हाई लावत आपन. गाव आपनहून म्हनतंय, उस्मानभाईंचं नाव वेशीवर लावतो. आपल्या मानसाचं नाव, सायरा! येनारा-जानारा वाचनार. हे परत व्हनार हाय का? आनि तू पोरगी त्याची, तूच नको म्हनतीस?"

मला त्याचा राग यायला पायजे व्हता. पन त्याचा आवाज फाटला, आनि तो तुमच्यासारखाच दिसला. नाक बी तसंच लाल झालं. मी म्हनलं, "चाचा, नाझ..."

"नाझ मला बी हाय! कुंपन काय, पुढच्या साली व्हईल. कमान परत व्हनार न्हाई. परवा तू उभी राहिलीस तर मी बी उभा राहीन. कमान पायजे म्हनून. मग बघू दे गावाला तमाशा, चाचा आनि पुतनी!"

तवा आतल्या खोलीतनं अम्मी बोलली. अब्बा, तुमी गेल्यापास्नं ती एवढं मोठ्यानं पैल्यांदा बोलली. पडद्याआडनंच म्हनाली, "सलीमभाई, त्यांना एवढ्या उंचावर चढवून काय करनार तुमी? शेडचे पत्रे लावायचे असले की मी खालनं शिडी धरायची. चौथ्या पायरीवर त्यांना चक्कर यायची."

चाचाच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू व्हतं का रडू, मला समजलं न्हाई. मी चहा पुढं केला. त्यानं कप हातात घेतला, तोंडाला लावला न्हाई, तसाच खाली ठेवून निघून गेला. उद्या तो काय करनार, मला म्हाईत न्हाई. अम्मीला बी म्हाईत न्हाई.

अब्बा, तुमच्यावर एक राग हाय माझा. सांगू?

मी नववीत शाळा सोडली तवा सगळे बोलले. तुमी तेवढे बोलला न्हाईत. म्हनलात, "उद्यापास्नं दुकानात ये." आनि माझ्या हातात वेल्डिंगची काच दिलीत. काच तोंडापुढं धरली की कुनी माझ्याकडं बघत न्हाई, बघायचं म्हनलं तरी डोळे दिपतात. मला किती बरं वाटलं त्या काचेमागं! तुमाला ते कळलं व्हतं. म्हनूनच दिलीत ना? मग ती काच खाली कदी ठेवायची, ते का न्हाई शिकवलंत? पट्टी डागायला शिकवली, बिजागरी बसवायला शिकवली. चार मानसांत उभं कसं राहायचं, ते राहूनच गेलं. आनि तुमी निघून गेलात. छातीत दुखतंय म्हनून बाकड्यावर बसलात काय, आनि गेलात काय. ही काय पद्धत झाली?

मला लय भीती वाटतीय. आवाज फुटला न्हाई तर? रडू आलं तर? लोक म्हनले, बापाची किंमत न्हाई पोरीला, तर? चाचा परत आपल्या घरी आलाच न्हाई तर? ईदला त्याच्याशिवाय आपल्याकडं कोन येतं?

आनि ते चाक. ते सगळ्याच्या वर येतंय.

गिरनी सुरू झाली आत्ता. लाईट आली वाटतं. लवकर लिहिते.

अब्बा, तुमाला शब्द देते. पंगतीतला न्हाई, आपल्या दोघांतला. उद्या नमाज सुटली की मी शाळेच्या व्हरांड्यात जाईन. गंगूमावशीच्या पाठीमागं बसनार न्हाई, पुढं बसेन. चाचा उभा राहिला तरी मी उभी राहीन. आवाज कापला तर कापू दे. तोंडापुढं काच धरनार न्हाई, पदर न्हाई, हात बी न्हाई. कुंपन, फाटक, दिवा, संडास, एवढं बोलीन आनि मगच खाली बसेन.

त्यातनं बी कमानच ठरली, तर तुमचं उरलेलं नाव मी कापीन. नीट कापीन, कडा गुळगुळीत करीन. चाचाला कमी वाटनार न्हाई असं करीन.

पन कुंपन ठरलं, तर फाटक मी बनवनार. दुसऱ्या कुनाला करू देनार न्हाई. तुमच्या नावासाठी आनलेला हा जाड पत्रा त्यालाच लावीन, खालच्या अंगाला, जितं गाडी ठोकरंल तितं. त्याच्यावर नाव लिहिनार न्हाई. तुमचं न्हाई, माझं बी न्हाई.

मोडलं की लोकांना आपलं घर ठाऊक हाय. येतील. मी असेन.

तुमची थोरली,
सायरा