पेटीचं भोक

२ मार्च २०१४
आवाज पुन्हा बसला. स्वयंपाकघरातल्या बायकोला, लताला हाक मारली, तिला पोचलीच नाही. आणि मी म्हणे विनामाईक सभा जिंकणारा! तेरा एप्रिलला, जयंतीच्या आदल्या रविवारी, भीमजयंतीचा कार्यक्रम आहे. बोलणार मीच. इथे परदेशात नोकरीला आलेली आपली पोरं वर्षभर पगार आणि कामाच्या पासपलीकडे बघत नाहीत, त्यांना हलवायला माणसाचा आवाज लागतो.

आमचा भाडेकरू धम्मदीप ध्वनिशास्त्रात संशोधन करतो. जयंतीच्या गाण्यांसाठी सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, बनवतोय. जाड प्लायची पेटी — आणि तिला मुद्दाम भोक! म्हटलं, "अरे, आवाज गळेल!"
"गळू द्या ना काका. तेच तर हवंय."

९ मार्च
भोकात पाइप बसवलाय. पेटीतली हवा म्हणजे स्प्रिंग, पाइपमधली हवा म्हणजे त्यावरचं वजन. ठरावीक खालच्या सुराला ते वजन झोके घेऊ लागतं. मग स्पीकरच्या पडद्याच्या पाठीमागे कोंडलेला आवाज पाइपमधून बाहेर येतो, तोही नेमका पुढच्या आवाजाच्या जोडीनं. धम्मदीप म्हणाला, "भोकापुढे हात धरा." तळव्यावर वारा! आणि पडदा? जवळजवळ स्थिर. इतकं वाचलं आयुष्यभर, हे कुठे वाचलं नव्हतं.

१५ मार्च
खालच्या मजल्यावरचे टॅन दारात. "अंकल, माय बेड ऑल्सो डान्सिंग ला!" ओशाळलो. सत्काराची एक शाल पाइपमध्ये कोंबली — शालींना काय तोटा!

संध्याकाळी धम्मदीपनं गाणं लावलं. ढोलकी नव्हे, पत्र्याचा डबा. शाल ओढून काढत म्हणाला, "काका, श्वास कोंडलात हिचा! सगळी धडपड एकट्या पडद्यावर आली."
लता म्हणाली, "चला, एक तरी शाल कामी आली."

२७ मार्च
घशातला तुकडा तपासायला नेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुजबुजायचंही नाही. थकलोय. भाषणाचे कागद उघडले, मिटले.

१३ एप्रिल
तरी बोललो. अर्ध्यातच आवाज संपला. ओठ नुसतेच हलत होते. धम्मदीपनं घाईनं गाणं लावलं. ढोलकी फरशीतून पायात चढली, माणसं उभी राहिली. मी पेटीला टेकून, हात त्या भोकापुढे.

१७ एप्रिल
कॅन्सरच. स्वरयंत्र काढणार. श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक. आत एक झडप बसवतील — बोलायचं तेव्हा भोक बोटानं दाबायचं, म्हणजे श्वास झडपेतून घशात वळतो.

लता रडत होती. कागद ओढला, लिहिलं — शाल चालेल?